मागं आलेली घोडी

दुबई, मार्च २००९

रखमाजीमामा,

पाया पडतो. पाटलाची घोडी चोरली म्हणून गावानं तुम्हाला वाळीत टाकलं, तेव्हा चावडीवर तुम्ही एकच बोलला होतात, "मी नेली नाही, ती आपणहून मागं आली." सगळे हसले. आईनं, सख्खी बहीण असून, भाऊबीज बंद केली.

इथं मी तबेल्यात घोड्यांची निगा राखायचो. मंदीत मालक बुडाला आणि देश सोडून गेला. काल मॅनेजर म्हणाला, "खलास, सब घर जाओ." चारापाणी कोण बघणार म्हणून विचारलं, तर त्यानं नुसते खांदे उडवले. पिशवी घेऊन मी बसकडं निघालो, तर मागं टापा वाजल्या. माझ्या हातची पांढरी घोडी उघड्या फाटकातून आली होती. हाकललं की थांबायची, मी चाललो की पुन्हा यायची. वॉचमन ओरडला, "घोडी चुराता है? पुलिस बुलाऊँ?"

मामा, डोळ्यांपुढं जेल आलं. मी दगड मारला. पहिला मुद्दाम चुकवला, तरी ती आली. दुसरा नेम धरून मारला आणि लगेच पाठ फिरवली.

असा एक दगड तुम्ही मारला असतात, तर आज गावात असतात.

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. कारण तुम्ही एवढंच विचाराल, "तिला कुठं लागलं रे?" मला माहीत नाही, मामा. मी वळून बघितलंच नाही.

तुमच्या बहिणीचा मुलगा,
नागेश