केमिस्ट्री घ्यायची की नाही

शुगर लँड, रविवार, फेब्रुवारी १९८७

उद्या मीराला शाळेत बारावीचे विषय सांगायचे आहेत. कॉलेजच्या तोडीची केमिस्ट्री आत्ताच घ्यावी, हा तिच्या बाबाचा, सुहासचा हट्ट. तिला इतिहास हवाय. गेल्या टेस्टमध्ये ‘सी’ मिळाल्यापासून पोरगी केमिस्ट्रीचं नाव काढलं तरी घाबरते. अभ्यास करत नाही असं तरी कसं म्हणू? पुस्तकाची पानंच्या पानं मार्करने पिवळी केली आहेत.

दुपारी पोळ्या लाटताना म्हटलं, "पुस्तक मीट आणि मला शिकव. मला यातलं ओ का ठो कळत नाही."

दोन वाक्यांत अडली आणि रडायलाच लागली. "आई, आय रेड इट सो मेनी टाइम्स!"

नुसतं वाचत होती बिचारी, पिवळं करत होती. मग पुन्हा पुस्तक उघडलं, वाचलं, मिटलं. मी वेड्यासारखे प्रश्न विचारत राहिले. संध्याकाळपर्यंत ॲसिड आणि बेस मला कळले, म्हणजे तिला नक्कीच!

जेवताना सुहास खुशीत म्हणाला, "बघ, येतंय तुला. मग घेणार ना?"

"नो, बाबा. आता भीती नाही वाटत. बट आय स्टिल वाँट हिस्टरी."

आता हा चिडणार, असं वाटलं मला. पण तो म्हणाला, "इतिहास मला कधीच जमला नाही गं. मला शिकवशील?"

मीरा आपलं ताट उचलून त्याच्या शेजारी जाऊन बसली.