जोडीदाराचा रकाना

वडपाडा, ता. तलासरी
दि. १२ जून २०१६

चि. दर्शन यास,
काकाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र एकवीस दिवसांनी पोचलं. पिनकोडचा एक आकडा तू चुकवलास, म्हणून ते आधी भलत्याच गावाला जाऊन आलं. मॉरिशसला जाऊन इमारतींची वायरिंग करणाऱ्या माणसाला सहा आकडे नीट लिहिता येऊ नयेत, हे बरं दिसत नाही. फोन कर असं मात्र मला सांगू नकोस. फोनवर बोललेलं कुठे राहत नाही.

इकडे ठीक म्हणायचं. घोलवडच्या नर्सरीत दिवसभर खिरणीच्या रोपांवर चिकूची कलमं बांधतो, संध्याकाळी येऊन वही उघडतो. पाठ आता ऐकत नाही. सातवी शिकलेल्या माणसाने तुझ्या त्या बेटावरच्या गुलामगिरीचा नि व्यापाराचा इतिहास लिहावा, याचं पाड्याला हसू येतं. येऊ दे. १८२५ साली तिथल्या साखरेवरची जकात उतरली आणि बेटभर ऊस झाला. १८३५ साली गुलाम सुटले, तेव्हा भरपाई मिळाली ती मालकांना. सुटलेल्यांना मिळाली त्याच मालकांकडे आणखी चार वर्षांची राबणूक. पुढे ऊस तोडायला आपल्याकडची माणसं करारावर नेली. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापायची. हे सगळं मी तीन-तीन पुस्तकांत ताडून घेतलंय. फक्त आपल्या डहाणूकडचं कोणी गेलं होतं का, एवढंच सापडत नाही. तिथल्या दप्तरखान्यात उतरलेल्या माणसांच्या वह्या आहेत. रजा काढ, पण जा. जे दिसेल ते जसंच्या तसं उतरव, स्वतःची भर घालू नकोस.

एक वाईट बातमी. शेजारचा बाबल्या वैशाखात गेला, मागे मूलबाळ नाही. त्याच्या वनपट्ट्यावर, म्हणजे सरकारने नावावर करून दिलेल्या त्या दोन एकर जंगलजमिनीवर, वाणगावच्या पुतण्याने, सुनिलने, वारस म्हणून अर्ज केलाय. त्याच्या घरात राहणारी सोमी माझ्याकडे आली होती. २००९ साली पाड्यातले सगळे अर्ज मीच भरले, एकही परत आला नाही, हे तुला माहीत आहे. बाबल्याच्या अर्जात पत्नीचा रकाना रिकामा आहे आणि पुढे अविवाहित असं लिहिलंय. सोमीचं म्हणणं, मी चूक झाली म्हणून लिहून द्यावं. मी तिला सांगितलं की मी त्याला लग्न झालं का विचारलं, तो नाही म्हणाला, मी तेच लिहिलं. यात चूक कुठली?

प्रकृतीला जप. काकाच्या जिवाला तुझ्या पत्राची वाट असते, हे ध्यानात असू दे.

तुझा,
दशरथकाका

*

पोर्ट लुई, मॉरिशस
दि. १८ जुलै २०१६

ती. दशरथकाकांस,
शि. सा. न. वि. वि.

पिनकोड तीनदा तपासलाय. आता पत्र उशिरा मिळालं तर पोस्टाला रागवा.

दप्तरखान्यात गेलो. पहिल्या दिवशी परवानगीचा कागद नाही म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला तिथल्या एक बाई भेटल्या, निर्मला नावाच्या. पणजोबा मराठी, पण बाईंचं मराठी आरत्यांपुरतंच. मी वीजवाला आहे आणि माझ्या काकाला हे हवंय, असं सांगितल्यावर त्यांनी विचारलं की काका प्रोफेसर आहेत का. मी म्हणालो, त्याहून कडक आहेत. मग त्यांनी वह्या दाखवायचं कबूल केलं. अक्षर असं आहे की तुम्ही लिहिणाऱ्याला बाकावर उभं केलं असतंत. वेळ लागेल. कंपनी खाडे मोजते, पगार एकाला एकच कापते, तेवढी सुधारणा झाली म्हणायची.

आता सोमीमावशीचं. आई फोनवर रडत होती. काका, तुम्ही मोठे, पण लिहितोच. मांडव, जेवण नि धवलेरी, म्हणजे आपल्याकडची लग्न लावणारी बाई, यांचा खर्च जमेपर्यंत माणसं तशीच नांदतात. मुलं होतात, नातवंडं होतात, मग कधीतरी लग्न लागतं. आजा-आजीच्या लग्नात तुम्ही नऊ वर्षांचे होतात आणि पोटभर जेवलात, हे तुम्हीच दर होळीला सांगता. मग त्याआधी आजी त्या घरात कोण होती? तुमच्या अर्जात काय लिहिलं असतंत?

मावशीने मला पेज पाजलीय. सत्तावीस वर्षं त्या दोन एकरांत तिनेच नागली नि भात लावलंय. रागावलात तरी चालेल, पण उत्तर पाठवा.

आपला,
दर्शन

*

वडपाडा
दि. २१ ऑगस्ट २०१६

चि. दर्शन यास आशीर्वाद.

रागावलो नाही. दमलो आहे. भाताची आवणी उरकली, नर्सरीत नवीन पॉलिहाऊस आलंय, त्यात दिवसभर उकडतं.

आईबापाचं लग्न मध्ये आणायचं काम नव्हतं. घरची रीत वेगळी, सरकारी कागद वेगळा. कागदावर खरं तेवढंच लिहावं, यासाठी मी ओळखला जातो. तहसीलचे कारकूनसुद्धा म्हणतात की दशरथचं अक्षर असलं की तपासायला नको. आता मीच उठून लिहून दिलं की माझं चुकलं, तर बाकीच्या अर्जांवर कोण विश्वास ठेवील? सुनिल तर वाटच बघतोय. परवा चहाच्या टपरीवर चारचौघांत म्हणाला की काकाच्या हातचा कागद आहे, तो काय खोटा असेल? लोक हसले. मला ते हसणं बोचलं.

सोमी पुन्हा आली नाही. तिचा दिवा दिसतो, एवढंच. वनहक्क समिती हे प्रकरण २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मांडणार आहे. सोमीच्या नावाला सभेने हात वर केले नाहीत तर जमीन सुनिलकडे जाईल आणि तो ती नारळाच्या बागवाल्याला कसायला देईल, असं तुझी आई म्हणते. तुझ्या आईने माझ्याकडे भाजी पाठवणं बंद केलंय. मी मागतही नाही.

वह्यांचं काय झालं ते कळव. जुन्या काळच्या कारकुनांना आपल्या माणसांचं काहीही कळत नसे, असं एक प्रकरण लिहिलंय. त्याला पुरावा हवाय.

तब्येत राख आणि या हट्टी माणसावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

दशरथकाका

*

पोर्ट लुई
दि. १ नोव्हेंबर २०१६

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

सापडलं. भर न घालता लिहितो.

साल १८५३. मुंबईहून आलेलं जहाज. एक पुरुष, रघ्या, गाव डहाणू, वय पंचवीस, उजव्या भुवईवर व्रण, अविवाहित. त्याच्या लगेच खाली एक स्त्री, काळी, गाव डहाणू, वय बावीस, डाव्या हातावर गोंदण, अविवाहित. पुरुष उत्तरेच्या मळ्यावर दिला. स्त्री दक्षिणेच्या. मधे सगळं बेट.

निर्मलाबाईंनी दुसऱ्या कपाटातून एक अर्ज काढला. रघ्याने दोन वर्षांनी कोणाकडून तरी लिहवून घेतलेला. त्याचं सांगणं असं की ती माझ्या घरची बाई आहे. उतरताना साहेबाने लग्न झालं का विचारलं, मी नाही म्हणालो, कारण लग्न लागायचं होतं. परत गेल्यावर धान्य जमवून लावणार होतो. तिला माझ्याकडे द्या. तिला भेटायला चालत गेलो म्हणून माझी चार दिवसांची मजुरी कापली, दोन दिवस जायला-यायला लागले. अर्जाच्या कडेला शेरा आहे : नोंद तपासली, नोंद बरोबर आहे, अर्ज नामंजूर. पुढे दोघांचंही काही सापडत नाही.

बाईंनी मला विचारलं की घरची बाई म्हणजे बायकोच ना, मग तो नाही का म्हणाला. त्यांना समजावायला मला आजा-आजीचं लग्न सांगावं लागलं.

काका, तुमच्या प्रकरणाला हा पुरावा चालेल. पण त्या कारकुनाला ठाऊक नव्हतं, तुम्हाला होतं. अक्षर त्याचंही चांगलं होतं.

जास्त लिहवत नाही. माझ्यावर रोष धरू नये.

आपला,
दर्शन

*

वडपाडा
दि. २९ जानेवारी २०१७

चि. दर्शन यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राला अडीच महिने उत्तर दिलं नाही. ते खिशात घालून नर्सरीत जात होतो. एका दिवसात चौदा कलमं वाया घालवली. असं माझ्या हातून कधी झालं नाही.

सव्वीस तारखेला ग्रामसभा झाली. शाळेच्या ओट्यावर अधिकारी, तलाठी, समितीची माणसं होती. अधिकाऱ्याने सोमीला उभं करून विचारलं की मयताशी तुझं लग्न झालं होतं का. ती नाही म्हणाली. मला वाटलंच होतं. आपलं माणूस दुसरं काय सांगणार? सुनिल शेजाऱ्याकडे बघून हसला.

मी उठलो. म्हणालो की हा अर्ज माझ्या हातचा आहे आणि तो चुकलाय. बाबल्या खरं बोलला होता, मी मात्र चुकीचं विचारलं. लग्न लागलं का, हे विचारायचं नव्हतं. घरात कोण आहे, हे विचारायचं होतं, आणि ते मला विचारायच्या आधीच माहीत होतं. मग मी साऱ्यांसमोर सोमीला विचारलं की कोणाच्या घरात राहिलीस, भात कोणी लावलं, बाबल्याच्या तोंडात शेवटचं पाणी कोणी घातलं. तिने एकेक सांगितलं. पाड्यातल्या जमना आणि भिकी न विचारताच उठल्या नि साक्ष द्यायला लागल्या, मग सगळ्या बायका. अधिकारी म्हणाला, हळू बोला, लिहून घेऊ द्या. सुनिल मला म्हातारपणी बुद्धी फिरली म्हणाला आणि मोटारसायकल काढून गेला. मी पन्नास वर्षांचा आहे, पण ते राहू दे.

ठराव सोमीच्या बाजूने झाला. कागद डहाणूला प्रांतसाहेबांकडे गेलाय. नाव चढेल असं सगळे म्हणतात. चढल्यावर लिहीन, आधी नाही. बाकीचे तीस अर्जही पुन्हा काढलेत. आणखी चार घरं तशीच निघाली. रोज एका घरी जातो. बसायला लाकडाचा पाट देतात, पण चहा विचारत नाहीत.

सभेनंतर संध्याकाळी सोमी मोळी घेऊन रस्त्याने माझ्या पुढे चालत होती. मी तिला गाठलं. वाटलं होतं, काहीतरी बरं बोलेल. ती म्हणाली की दशरथभाऊ, तू अर्ज भरायला आलास तेव्हा मी दारातच बसले होते, तुझ्यासाठी चहा मीच केला होता. मग मला का नाही विचारलंस? आणि ती डोक्यावरची मोळी सावरत पुढे गेली.

घरी येऊन मी तिचा प्रश्न वहीत जसाच्या तसा उतरवला. तुझ्यापाशी त्याचं उत्तर असेल तर पाठव, दर्शन. नसेल तरी पाठव पत्र. तुझं अक्षर बघितलं तरी या घराला बरं वाटतं.

तुझा,
दशरथकाका