दोन नंबरच्या टाकीचा कॉक

४ जाने., रवि.
मांडवीच्या खडकांत सकाळच्या सुकतीला, पाणी ओसरल्यावर, गेलो. सना बरोबर. (बहिणीची मुलगी, समुद्रातल्या जनावरांवर पीएच.डी. करतेय.) उधाणाचे दिवस, पाणी चढतं तेवढंच मागेही जातं, म्हणून हे खालचे खडक उघडे पडतात. सहा नारिंगी तुकडे खरवडून आणले. भिजलेल्या पावासारखे.
नजमा म्हणाली, "हे शिजवायचं की याने भांडी घासायची?"
"मामी, हा स्पंज. प्राणी आहे. तोंड नाही, अंगभर भोकं. पाणी आत ओढतो, वरच्या भोकातून सोडतो."
"तोंड नाही म्हणजे घरात ठेवायला बरा."
माझ्याकडे बघून म्हणाली.

६ जाने., मंगळ.
स.च्या कॉलेजात समुद्राचं ताजं पाणी मिळत नाही, तिथे दोनदा सगळे स्पंज मेले. म्हणून माझी शेड. तलावांत हवा सोडायचे ब्लोअर तपासायच्या रांगेतल्या दोन काचेच्या टाक्या दिल्या, प्रत्येकीत तीन तुकडे. एक नंबरला हवा. दोन नंबरला एसीच्या पायपा तपासायचा माझा नायट्रोजन सोडून पाण्यातला ऑक्सिजन हाकलला, मग झाकण लावून टेप.
विचारलं, जीव घेणार का त्यांचा?
म्हणाली, साठ कोटी वर्षांपूर्वी आणि त्याच्याही आधी समुद्रात ऑक्सिजन नावालाच होता. बरेच जण म्हणतात, तो वाढला तेव्हाच प्राणी आले. तिला वाटतं, पहिले प्राणी थोडक्यात भागवणारे असतील. दोन नंबरवाले तीन आठवडे टिकले तर तिच्या म्हणण्याला आधार.
"कोळंबी अर्ध्या तासात मान टाकेल," मी म्हटलं.
"कोळंबी कालची पोर आहे, मामू."

९ जाने., शुक्र.
राजापूरकडच्या तलाववाल्याचा फोन. म्हटलं, मशीनजवळ धर. ऐकलं. बेअरिंग गेलंय. तो म्हणतो, न बघता कसं कळलं?
आयुष्यभर हवेचंच काम. आधी दुबईत एसी, मग इथे कोळंबीच्या तलावांना ब्लोअर. पाण्यात हवा घालतो ती माणसं आम्ही. पण पहिल्यांदा कुणी घातली, हे कधी मनातच आलं नव्हतं. स. म्हणते, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांनी, उन्हावर. कोट्यवधी वर्षं. एकही सर्व्हिसिंग नाही.

१६ जाने., शुक्र.
जुम्म्याहून येतोय तर लाईट गेलेली. आली तसा रांगेतून फिरलो. वीस वर्षांची सवय. लाईट आली की टाकी-टाकीला कान लावायचा, बुडबुड नाही तिथला हवेचा कॉक उघडायचा. फोनवर बोलणं चालूच. दोन नंबर गप्प. उघडला. बुडबुड सुरू झाली, बरं वाटलं, जेवायला गेलो.
परत आलो तर दोन्ही टाक्या बोलतायत.
दोन नंबर तर गप्पच हवी होती. कॉक बंद केला. नायट्रोजन सोडला, ऑक्सिजनचा मीटर पुन्हा तळाला आणला. स. बाजारातून संध्याकाळी आली, मीटर बघितला. सकाळचाच आकडा.
"मामू, दहावा दिवस, अजून ताजे!"
म्हटलं, माशाल्ला.

१७ जाने., शनि.
तासा-दीड तासाने काय होतंय. साठ कोटी वर्षांत तास-दीड तास.
पण एखाद्याने मला सांगितलं की महिनाभर एकाच ब्लोअरवर तलाव काढला, आणि मधे शेजाऱ्याची मशीन लावली होती हे सांगायचं खाल्लं, तर मी त्याच्या शब्दावर दहा जणांना तसंच सांगेन. दहा तलाव मरतील. हिचं तर छापून येणार. वाचणाऱ्याला माझी शेड माहीत नाही, माझा हात माहीत नाही.
उद्या अमावास्या. सांगायचं तर उधाण आहे तोवर. नाहीतर नवे तुकडे पंधरा दिवस नाहीत, आणि तिच्या सरांनी फेब्रुवारीअखेरची मुदत दिलीय.
दिवसभर ती गुणगुणत होती.

१८ जाने., रवि.
सांगितलं. चहाचा कप हातातच राहिला तिच्या.
"कधी?"
"शुक्रवारी, लाईट आल्यावर."
"किती वेळ?"
घड्याळ बघितलं नव्हतं. पण उघडला तेव्हा पावणेतीनची एसटी चढावर गिअर बदलत होती. बंद केला आणि असरची अजान झाली. तिने वहीत लिहिलं.
"का उघडलात?"
"गप्प होती म्हणून."
आधी हसली. मग तोंड फिरवून म्हणाली, "समुद्र एवढी कोट्यवधी वर्षं गप्प होता, तेव्हा तुम्ही नव्हतात ते बरं."
नजमाने मला स्वयंपाकघरात बोलावून वेगळं ऐकवलं. ते लिहीत नाही.

२० जाने., मंगळ.
नवे तुकडे आणले, टाकीत बसले. उद्या पहिला दिवस. दोन नंबरचा पाइप हॅकसॉने कापला, तोंड बुजवायला डमी ठोकली. आता अल्लाने मनात आणलं तरच हवा जाईल.
स.ला परवा कॉलेजात हजर व्हायचंय.
"मामू, रोजचं रीडिंग तुम्ही घ्याल?"
"माझ्यावर सोडतेस?"
"दुसरं कोण आहे? आणि तुम्ही सांगितलंत तरी."
'तरी'वर जोर होता. ऐकू येतं मला.

२९ जाने., गुरु.
फोनवर रीडिंग दिलं, तळालाच. मग ती म्हणाली, काही जणांचं म्हणणं उलटंच आहे. स्पंजांनी पाणी गाळून गाळून समुद्र निवळवला, म्हणून ऑक्सिजन खोलवर पोचला.
"म्हणजे ब्लोअर आधी आणि हवा नंतर?"
"तसंच काहीसं. भांडण चालू आहे."
दिवसभर हेच डोक्यात. जेटीवर हसन तांडेलला सांगितलं. म्हणाला, "तुला समुद्राला पण ब्लोअर विकायचाय."

१० फेब्रु., मंगळ.
एकविसावा दिवस. स. व्हिडिओ कॉलवर. झाकणातून बारीक नळी घालून स्पंजच्या बुडाशी रंग सोडायचा. जिवंत असेल तर ओढून वरच्या भोकातून काढेल.
दोन नंबरमधल्या पहिल्याची कड काळी पडलीय. रंग जागचा हलला नाही. गेला, म्हटलं. ती "हं" एवढंच.
दुसरा. रंग सोडला. बुडाशी पसरला.
"वर येतोय?"
"थांब गो."
"मामू, खरं सांगा हां. मला बरं वाटावं म्हणून नको."
वरच्या भोकाशी धुरकट काहीतरी. चष्मा पुसला. परत बघितलं. तेवढंच धुरकट. फोन काचेला लावला, तिलाही कळेना.
"काही सांगता येत नाही," म्हटलं.
"मग तसंच लिहा."
तसंच लिहिलं, वेळ घड्याळात बघून.
उजेड गेला. तिसरा उद्या सकाळी, ऊन शेडमध्ये शिरलं की.