सहावा अर्ज

ताई,

लॉन्ड्रीच्या यंत्रात आईचा हात चिरडला, तेव्हापासून रोज तिची वेणी तू घालायचीस. भरपाईच्या दाव्यात सात वर्षं नुसत्या तारखा पडल्या. कंपनीचा वकील दर वेळी नवी सबब काढायचा. 'मोठा झालो की मी वकील होणार,' असं मी तेव्हाच म्हणालो होतो.

झालो. कंपन्यांचा.

सध्याच्या दाव्यातल्या बाईचा हात माझ्या अशिलाच्या कारखान्यात गेलाय. अशील म्हणतो, लांबवा, बाई थकेल. म्हणून मी पाच वेळा अर्ज दिला: आई अत्यवस्थ आहे, पुढची तारीख मिळावी.

आज सहावा दिला. न्यायाधीश भडकले, ''पुरे! आजच उलटतपासणी घ्या.'' तेवढ्यात ती बाईच उठली. ''द्या साहेब त्यांना तारीख. आईजवळ जाऊ दे त्यांना.''

तारीख मिळाली. मग जिन्यात तिने मला गाठलं. ''आईंना जेवण जातं का हो?''

मला माहीतच नव्हतं गं. तीन वर्षं मी तिकडे फिरकलेलो नाही. तू फोनवर 'बरी आहे' म्हणतेस आणि मी सुटतो. आता खरं सांगितलं तर सनद जाईल, आणि गप्प बसलो तर ती पुढच्या तारखेलाही आईचीच चौकशी करेल. काय करू मी?

हे पत्र पाठवायची हिंमत नाही. तू ते आईला वाचून दाखवशील आणि ती एवढंच विचारेल, ''त्या बाईची वेणी कोण घालतं रे?''

तुझा,
धाकटा