जंबेरीची बारीक रोपं

माय,

फोन अजून आला नाही. माझी नात, म्हणजे तुझी पणती, सकाळी चहा अर्धा टाकून गेली, आणि दार लावून घेतल्यापासून मी फोन मांडीवर घेऊन बसले आहे. डाळ निवडून झाली, लसूण सोलून झाला, शेजारणीच्या सुनेचं गाऱ्हाणंही पुन्हा एकदा ऐकून झालं. रिकामा हात नको ते करतो, असं तूच म्हणायचीस, आणि ते किती खरं आहे हे पुढं कळेलच तुला. म्हणून नातीच्या वहीतला कोरा कागद घेतला आणि तुला लिहायला बसले. चौथीपर्यंतचं लिहिणं आहे, वेलांट्या सांभाळून घे. समोर खिडकीत, कूलरच्या वाऱ्याला आडोसा करून, श्रीखंडाचे दोन रिकामे डबे ठेवले आहेत. दोन्हीत एकेक रोप, करंगळीएवढं. तिसरा डबा धुऊन पालथा घातला, त्यातलं परवा वाळलं. या रोपांत काही निघालं तर निघालं, नाहीतर माझ्या नातीचं दोन वर्षांचं काम मी या दोन बोटांनी घालवलं असं होईल.

तू तिला पाहिलं नाहीस. उंच आहे, भांडखोर आहे, भाकरी येत नाही आणि त्याची लाजही नाही. मला तिचं इतकं कौतुक आहे की लोकांना ते सोसत नाही. सदर बाजारात चष्मा करायला गेले तर चष्मेवाल्यालाही सांगितलं, माझी नात झाडाच्या पोटातलं वाचते म्हणून. ‘पोटातलं नाही आजी, पेशीतलं,’ ती म्हणते. एकदा मला तिच्या प्रयोगशाळेत घेऊन गेली. मुळाचं टोक, सुईच्या अग्राएवढं, त्याला रंग लावून काचेवर दाबलं आणि यंत्राला डोळा लावायला सांगितलं. आत जांभळे कण, कोणी ओल्या रव्यात शाई सांडावी तसे. ‘मोज,’ म्हणाली. मी मोजले, दर वेळी आकडा निराळा. ती हसून म्हणाली, ‘अठरा असतात. नऊ आईकडचे, नऊ बापाकडचे. पान कसं, फळ कसं, रोग झेलन का नाही, सगळं याच्यात.’ मी विचारलं, हे मूळ कशाचं, तर म्हणाली जंबेरीचं. माय, आपल्या जंबेरीचं. एवढ्या मोठ्या जगात पोरीला शिकायला तेच झाड सापडलं, आणि मी सुचवलं नव्हतं हो.

संत्र्याचं कलम करताना डोळा ज्या खुंटावर भरतात तो जंबेरी लिंबाचा, हे तुला मी काय सांगू. आणि ती जंबेरी जमिनीत सडते, बुडाशी डिंक गळतो, वरचं संत्र्याचं झाड उभ्या उभ्या सुकतं, हेही तू पाहिलेलं. तर हिनं काय केलं, जंबेरीच्या फुलावर दुसऱ्या एका जातीचे पराग लावले, जी जात सडत नाही. म्हणजे जंबेरी आई आणि ती जात बाप. फळं धरली, पिकली, बिया काढून ट्रेमध्ये पेरल्या. पण जंबेरीची खोड तुला ठाऊक आहे, एका बीतून दोन-दोन, तीन-तीन रोपं वर येतात. त्यातली बहुतेक नुसती आईची नक्कल असतात, असं ही म्हणते. बापाचा त्यात काही वाटाच नसतो. एखादंच दोघांचं. आणि जे दोघांचं असतं ते पुष्कळदा बारीक राहतं, कारण बीमधलं जेवण आईच्या नकला आधी फस्त करतात. हे मला आता माहीत आहे. त्या दिवशी नव्हतं.

त्या दिवशी मला तुझं शिकवलेलं तेवढं माहीत होतं. तू पन्हेरीत, मालकाच्या रोपवाटिकेत, उकिडवी बसली आहेस, पांढऱ्या पातळाचा पदर कमरेला खोचलेला, आणि मी तुझ्या मागं घमेलं धरून. पोराच्या केसांतून फिरवावा तसा तुझा हात रोपांवरून फिरतो. सारखी दिसतात ती ठेवायची. बारीक, वाकडं, वेगळ्या पानाचं दिसलं की उपटायचं आणि मागं न बघता टाकायचं. ते घमेल्यात पडलं पाहिजे, खाली नाही, ही माझी जबाबदारी. एकदा मी एक बारीक रोप परकराच्या ओच्यात लपवलं, तर तुला पाठीलाही डोळे.

‘काहून वं, ते काहून ठेवलं?’

‘चांगलं हाय ना, माय.’

‘असन चांगलं. आईसारखं नाही निघालं ना ते. खुंट सारखे नसले त मालकाचा बगीचा वर-खाली होते, अन् शिव्या मले बसते. टाक.’

टाकलं. संध्याकाळी चूल पेटवताना तू न बोलता माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवलास, तेव्हा समजलं की राग गेला. तुझे राग असेच जायचे, मागच्या दारानं.

आता मेमध्ये काय झालं, त्यांच्या प्रयोगशाळेच्या रोपघराचा कूलर बिघडला. दुरुस्तीवाला आज येतो, उद्या येतो करत राहिला, आणि आपलं ऊन तर तुला माहीत आहे, दुपारी सक्करदऱ्याच्या तलावाकडं बघवत नाही. तेव्हा सरांना विचारून तिनं ट्रे घरी आणले आणि माझ्या खोलीत खिडकीशी मांडले. मला मोठा आनंद झाला. किती वर्षांनी ओल्या मातीचा आणि जंबेरीच्या पानाचा वास एकत्र आला. मग तिला दोन दिवस पुण्याला जावं लागलं. जाताना म्हणाली, ‘आजी, फक्त पाणी. हात नको लावू.’ मी म्हटलं, ‘मी काय लेकरू हाव?’

दुसऱ्या सकाळी पाणी घालायला बसले. ट्रे कसा गच्च भरलेला, पोपटी, सगळी रोपं एका मापाची. आणि त्यात तीन बारीक, पिवळट, मोठ्यांच्या सावलीत मान टाकलेली. हात आधी गेला, माय, डोकं मागून आलं. अंगठा आणि एक बोट, बुडाशी धरून अलगद, मूळ न तोडता, तू शिकवलेलं. तिन्ही निघाली. आणि मग मी मागं टाकायला हात नेला, तर घमेलं नव्हतं. तशीच उठून उभी राहिले, ओंजळीत तीन रोपं घेऊन, आणि तेव्हा तिचं ‘हात नको लावू’ आठवलं. धावत मोरीत गेले, डबे विसळले, कुंडीतली माती भरली आणि ती लावून टाकली. कोणतं कुठून काढलं, ते तोवर विसरले होते.

ती आली ती आधी ट्रेपाशी गेली.

‘आजी, इथली बारकी कुठं गेली?’

‘निवडली मी.’

ती फरशीवर बसली, बॅग खांद्यावरच. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

‘तू निवडली,’ ती म्हणाली. मग बॅगेचा पट्टा खांद्यावरून काढत, ‘बाकीच्या सगळ्या रोपांची तपासणी झाली, आजी. काल निकाल आला. सगळी आईची नक्कल. एकातही बाप नाही. फक्त ही तीन राहिली होती, पानं लहान म्हणून थांबली होती मी.’

मी तिला खिडकीतले डबे दाखवले. ती गुडघ्यांवर सरकत गेली, एकेका डब्याशी नाक नेलं, बोट लावलं नाही.

‘फेकली नाही तू.’

‘घरात घमेलं नव्हतं ना.’

हे मी खरं तेच बोलले, पण ती रडता रडता हसली. ‘याले श्रीखंडाचा वास येऊन राहिला,’ म्हणाली. ‘धुतले होते वं,’ मी म्हटलं.

तेव्हापासून या घरात मोठ्यानं कोणी बोललं नाही. रोपांवर काचेचे पेले पालथे घालायचे, पेल्यात दव धरलं की उचलायचे, पुन्हा घालायचे. दर वेळी वाटायचं, आता उचलला की खाली मान मोडलेली दिसणार. रोपांनी थोडा तग धरल्यावर तिनं तिळाएवढा पानाचा तुकडा प्रत्येकाचा कापला, बर्फ भरलेल्या थर्मासमध्ये ठेवून घेऊन गेली. मी विचारलं, कोणतं कुठल्या बीचं ते तर माझ्यामुळं हरवलं, आता कसं कळणार? तर म्हणाली, ‘बी नाही कळली तरी चालन. पान खोटं नाही बोलत. आईची रेघ एका जागी उमटते, बापाची दुसऱ्या जागी. ज्याच्यात दोन्ही दिसन, ते माझं.’ आणि वर मलाच समजावते, ‘नर्सरीत असंच करतात, आजी. त्यांना आईसारखीच पाहिजे असतात, त्यांचंही बरोबर आहे.’ तिला माहीत नाही की त्या नर्सरीत मीच घमेलं धरलं होतं. इतकी वर्षं तिला तुझ्या गोष्टी सांगते, तुझा कलमाचा चाकूही तिच्याकडं आहे, पण ही निवडायची गोष्ट कधी सांगितली नाही.

बापाची रेघ, हे शब्द ऐकल्यापासून मात्र मी पन्हेरीतच आहे. माझा बाप कामठीला हातमागावर विणायला, रविवारी यायचा, मग एकाएकी यायचाच बंद झाला. तू त्याचं नाव घेतलं नाहीस, चांगलं नाही की वाईट नाही. पण सोबतच्या बायका गप्प कुठल्या बसतात. ‘पोरगी पुरी बापावर गेली वं,’ म्हणायच्या, ‘तुझं काहीच नाही घेतलं.’ माझे घारे डोळे, काडीसारखे हातपाय, आणि सातव्याच महिन्यात जन्मलेली. तू पुढचं रोप उपटायचीस.

थांब, फोन वाजला.

तिचाच होता. तिनं आधी विचारलं, ‘आजी, बसली हायेस ना?’ म्हटलं, ‘सकाळपासून बसूनच हाव, बोल.’

‘डावीकडचं नक्कल निघालं.’

मी डाव्या डब्याकडं बघितलं.

‘वाळलं ना, ते दोघांचं होतं.’

मला पालथ्या डब्याकडं बघवेना. मीच विचारलं, ‘अन् उजवीकडचं?’

‘दोन्ही रेघा, आजी. साफ. सर म्हणाले डबासुद्धा बदलू नका.’

‘एकच त मग.’

‘एक पुरते,’ ती म्हणाली. मी इतकी खूष आहे, माय, की फोन ठेवल्यावर कूलरला सांगितलं, आणि मग त्या वाळलेल्याचं आठवून थोडी रडले, आणि मग पुन्हा खूष झाले. उजवीकडचं जरा कललं आहे. खराट्याची काडी खोचून त्याला सैल दोरा बांधला. हा कागद घडी करून त्याच डब्याखाली ठेवते, पाणी झिरपून शाई जाईल तर जाऊ दे, पाठवायचा तसाही कुठं होता.

एवढंच सांगायचं राहिलं. तू निवडायला बसायचीस तेव्हा मी तुझ्या मागं घमेलं घेऊन ताठ उभी राहायची. मान वर, छाती पुढं, पोटऱ्या भरून येईपर्यंत. तुला वाटायचं पोरीला कामाची हौस आहे. मी बारीक दिसू नये म्हणून उभी असायची.