सिंकखालच्या सुऱ्या

३ ऑक्टोबर, शुक्रवार

सिंकखालचं कपाट पुन्हा विस्कटलं. मी आल्यापासून तिसऱ्यांदा.

काल दुपारभर खपून लावलं होतं. मधोमध सांडपाण्याचा पाइप येतो. त्याच्या उजवीकडे तवे आणि पातेली, डावीकडे तेल, सोयासॉस, साबणाच्या बाटल्या. तवे कागदपत्रांच्या प्लास्टिकच्या खोक्यांत उभे केले, मुठी उजवीकडे. सुऱ्या उजव्या दाराच्या आत अडकवल्या. आज फुलांच्या मांडणीच्या वर्गाहून परत येते तर तवे डावीकडे, मुठी उलट्या, सुऱ्या डाव्या दारात!

सून दारातच भेटली, इस्पितळात ड्यूटीला निघालेली. विचारलं. "आई, तुम्ही किती छान लावलं होतं," म्हणाली आणि बूट चढवायला लागली. हे काय उत्तर झालं?

४ ऑक्टोबर

उजवीकडे लावलं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

डावीकडे.

तोंडावर गोड आणि पाठ फिरली की आपलंच खरं. सरळ भांडली असती तर मला आवडलं असतं. पण चिसातो भांडत नाही. मान तुकवते, चहा आणून ठेवते, आणि मी मंगळवार-शुक्रवार बाहेर पडले की कपाट उलटं.

कॉलेजात आम्हाला स्वयंपाकघराची मांडणी हा अख्खा विषय होता. हात कुठून कुठे जातो, कशाला वाकावं लागतं, ओली वस्तू कुठे, कोरडी कुठे. मी वर्गात पहिली आले होते. आता पाच फुटांच्या एका कपाटापुढे हात टेकायची वेळ आली आहे.

फुलांच्या वर्गातल्या हामासाकीबाईंना सांगितलं. त्या खुदकन हसल्या. "अहो, तुम्ही अजून पाहुण्या तिथे. पाहुणीने दिवाणखान्यात बसावं, सिंकखाली कशाला डोकं घालायचं?"

पाहुणी! खरं तर तसंच ठरलं आहे. महिनाभर हिरोशिमात मुलाकडे राहून बघायचं. ताकेहारा गावातलं माझं घर विकायचं, की परत जाऊन एकटीने राहायचं, ते महिनाअखेर दलालाला कळवायचं. गिऱ्हाईक थांबलं आहे. हे गेल्यापासून त्या घरात माझ्याशी बोलतो तो फक्त रेडिओ. पण तिथे सुऱ्या ठेवल्या जागी असतात.

९ ऑक्टोबर

ताकेहाराहून एकच वस्तू आणली आहे. माझा कोंड्याचा डबा. मिठाचा, आंबवलेला कोंडा. त्यात काकडी-मुळा पुरून मुरवायचे आणि रोज हात घालून तळापासून ढवळायचं. तो सिंकखाली उजव्या कोपऱ्यात. तेवढा मात्र कुणी हलवत नाही. वास येतो म्हणून असेल.

१२ ऑक्टोबर, रविवार

लेबलं करायची ठरवली. म्हणजे सबब उरायची नाही. तादाहिरोला लिहायला बसवलं. माझ्या मुलाचं अक्षर छापल्यासारखं आहे. पहिलीत डाव्या हाताने गिरवायचा. मी तो हात रुमालाने खुर्चीला बांधायची, तेव्हा कुठे वळण लागलं. आता ऑफिसातही त्याच्या अक्षराचं नाव काढतात म्हणे.

'तवे: उजवीकडे' लिहिताना थांबला.

"आई, लावायलाच हवं का हे?"

"तू यात पडू नकोस. स्वयंपाकघरातलं तुला काय कळतंय?"

"बरं," म्हणाला आणि लिहिलं.

१५ ऑक्टोबर

लेबलं जागच्या जागी. वस्तू दुसरीकडे. 'तवे' लिहिलंय तिथे व्हिनेगर. ही तर चक्क थट्टा झाली.

एक मात्र कबूल करायला हवं. मुळा-माशाचं कालवण सुरेख झालं होतं. ड्यूटी सांभाळून ही बाई कधी करते कोण जाणे. जेवताना तसं म्हटलं. चिसातोने तादाहिरोकडे पाहिलं. तो पाणी पीत होता. "नाही हो आई, सोपं असतं," ती म्हणाली.

२० ऑक्टोबर

मुळा चिरायला पातळ पात्याची सुरी घेतली. काप तिरके पडायला लागले. पाहते तर धार एकाच बाजूने, आणि तीही चुकीच्या! असली सुरी घेतात तरी कशी? धारेच्या दगडावर दुपारभर घासून धार नीट फिरवली. खांदे भरून आले.

चिसातो उठून बाहेर आली, सुरी पाहिली, आणि तिचा चेहराच उतरला.

"आई… ही खास मागवलेली होती."

"मग दुकानदाराने फसवलंय तुला."

सुरी उचलून आत घेऊन गेली.

२१ ऑक्टोबर

तादाहिरो वर्तमानपत्रात काहीतरी गुंडाळून बाहेर गेला. कुठे? "जरा काम आहे." तास-दीड तासाने हात हलवत आला. जेवण उरकून लगेच खोलीत गेला. बायकोने कान भरले असणार.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आज मीच विषय काढला. चिसातोला समोर बसवलं.

"हे कपाट कोण उलटं करतं?"

तिने आधी चहा ओतला. मग म्हणाली, "आई, बाकीचं तुम्ही म्हणाल तसं. सुऱ्या तेवढ्या डाव्या दारात राहू द्या ना."

"कारण?"

"सवय झालीय."

"कुणाला? तू तर उजव्या हाताने चिरतेस. मी पाहिलंय."

पुन्हा चहा ओतायला लागली. इतका चहा कुणी पितं का?

म्हणजे कारण एकच. मी नको आहे. हे तोंडाने कोण सांगणार? सुऱ्या सांगतात.

२७ ऑक्टोबर

ठरलं. उद्या वर्गाहून आले की दलालाला फोन. घर विकायचं नाही, मी परत येतेय. इथे कुणाला आधी सांगायची गरज नाही. कोंड्याचा डबा बाहेर काढला, झाकण घट्ट लावलं, कापडात बांधून खोलीत ठेवला. कपाटाला हात लावला नाही. राहू दे त्यांचं त्यांना.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

फुलांच्या बाई आजारी. वर्ग नाही. अर्ध्या वाटेतून परतले.

चिसातो रात्रपाळी करून आत झोपलेली. टेबलावर तादाहिरोचा लॅपटॉप उघडा, ऑफिसचं काम घरूनच चाललेलं, आणि तो सिंकपाशी, माझ्याकडे पाठ करून, कमरेला एप्रन. डावं दार उघडं होतं. सुरी डाव्या हातात, तीच पातळ पात्याची, धार पुन्हा पहिल्यासारखी फिरवून आणलेली. मुळा त्या सुरीखालून कागदासारखा अखंड, पातळ उलगडत होता. असा मलाही कधी सोलता आला नाही.

पायरव ऐकून वळला. मला पाहिलं आणि सुरी पटकन उजव्या हातात घेतली. चाळिशी उलटलेला माणूस. मुळ्याची पट्टी तुटली.

"डाव्यानेच कर," म्हटलं. "बोट कापून घेशील."

फोन केला नाही. कोंड्याचा डबा सिंकखाली नेऊन ठेवला. उजव्या कोपऱ्यात त्याची जागा तशीच मोकळी होती.