त्रिकोण कुणाचे?

६ फेब्रुवारी
दिसले त्रिकोण! सूक्ष्मदर्शकाच्या सुईखाली अगदी स्पष्ट — एक काळा, एक पांढरा, एक काळा, एक पांढरा. स्फटिकाचे, कागदाहून लाखपट पातळ असे दोन थर किंचित पीळ देऊन एकावर एक ठेवले की वीज अशी त्रिकोणांत वाटली जाते. एकात वर, शेजारच्यात खाली. अख्खा हिवाळा मी थर फाडण्यात आणि उचलण्यात घालवला. लॅबमधल्या सीनियरने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. त्याला सगळे ‘दादा’ का म्हणतात देव जाणे! मला सख्खा भाऊ आहे, तो एवढा आगाऊ नाही.

११ फेब्रुवारी
डोकं फिरलंय. लॅबच्या प्रमुख मॅडम पाहुण्यांना माझं त्रिकोणांचं चित्र दाखवत होत्या. खाली पहिलं नाव — दादाचं! माझं मागे, चिकटवल्यासारखं.

जेवताना सगळ्यांसमोर विचारलं. म्हणतो, “अगं, खालचा आधार माझा आहे ना! स्फटिकाचा तुकडा फारच पातळ निघाला, म्हणून त्याचेच दोन भाग एकावर एक ठेवून करून दिला तुला.”

वा! ओटा ज्याने बांधला, स्वयंपाकही त्याचाच? आधार म्हणजे नुसतं खाली अंथरायचं. त्याने काही करायचं नसतं!

१२ फेब्रुवारी
अजून धुमसतेय. त्याच्या ‘गुड मॉर्निंग’ला उत्तर दिलं नाही.

१५ फेब्रुवारी
मॅडम म्हणाल्या, “टीमचं काम आहे, समजून घे.” दर वेळी मीच का? माझा करार उन्हाळ्यात संपतो. या पेपरवर पहिलं नाव नसेल तर मला कुत्रं विचारणार नाही. दादाचं काय, त्याची नोकरी पक्की!

आईला फोन केला. थर, वीज, तिला काही कळत नाही. म्हणाली, “तू केलंयस ना? मग गप्प बसू नकोस. आणि रडत बोलू नकोस, समोरच्याचं फावतं.”

१९ फेब्रुवारी
बोलले! मीटिंगमध्ये, उभी राहून. थर कुणी फाडले? कोन कुणी जुळवला? सुईपाशी कोण बसलं? आवाज चढला, चढू दे. दादा गोरामोरा झाला. “राहू दे मॅडम, तिचंच लावा,” एवढंच म्हणाला. मॅडमनी त्याचं नाव लेखकांतून काढून आभारांत टाकलं.

जिरली! तरी राग पुरता गेला नाही. मागावं का लागलं?

२६ फेब्रुवारी
पेपर सकाळी छापायला गेला. दुपारी मोठं, देखणं चित्र हवं म्हणून सुई माझ्या थरांच्या कडेपलीकडे नेली, नुसत्या आधारावर. तिथेही तेच त्रिकोण. रेघ न रेघ सलग. वर माझे थर असोत-नसोत, काडीचा फरक नाही. वीज त्याने आधारासाठी एकावर एक ठेवलेल्या त्या दोन भागांमधली आहे; पीळ तिथेच पडलाय.

दादा पलीकडच्या टेबलावरून विचारतोय, “कसं आलंय गं चित्र?”